ईडिथ स्टर्न यांचे श्रेय नेमके कशाचे?

प्रश्न : अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरातील ज्यू दानशूर महिलांमध्ये ईडिथ रोझेनवाल्ड स्टर्न (१८९५–१९८०) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. सिअर्स, रोबक या किरकोळ विक्रीच्या मोठ्या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांची ही कन्या १९२१ मध्ये कापूस व्यापारी एडगर स्टर्न यांच्याशी विवाह करून शिकागोहून दक्षिणेत आली. माहेर आणि सासर दोन्ही संपन्न असताना त्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे मोजमाप कसे करावे?

प्रतिसाद १ : पैसा वडिलोपार्जित होता, हे मान्यच आहे. तथापि, आपल्या मुलांसाठी मनाजोगती बालवाडी शहरात नाही असे दिसताच त्यांनी १९२६ मध्ये न्यूकम्ब महाविद्यालयाच्या आश्रयाने ती सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि मुले मोठी होऊ लागल्यावर, १९२९ मध्ये, मेटरी पार्क कंट्री डे स्कूलच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे मतदार याद्यांतील गैरप्रकारांविरुद्धही त्या उभ्या राहिल्या. राजकीय रोष ओढवणारे हे काम निव्वळ देणगीदार सहसा अंगावर घेत नाही.

प्रतिसाद २ : शाळांचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते : त्या काळी तेथील अशा शाळांची दारे कृष्णवर्णीय मुलांना बंद होती. स्टर्न दांपत्याने दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या डिलर्ड विद्यापीठाला आधार दिला (एडगर तेथील विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते) आणि १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गासाठी पाँचरट्रेन पार्क ही गोल्फ मैदानासह वसाहत उभारण्यास हातभार लावला. ज्यांना चांगली घरे विकतच मिळत नव्हती त्यांना ती मिळाली. मात्र वस्ती वेगळीच राहिली. माझ्या मते हे कार्य मोठे असले, तरी गोरे आणि कृष्णवर्णीय यांना वेगळे ठेवणाऱ्या विभक्ततेची चौकट मोडणारे नव्हते.

प्रतिसाद ३ : वरील आक्षेप रास्त आहे. मूळ प्रश्नाबाबत मात्र पैशापेक्षा वडिलांचा एक विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. दानासाठीचा निधी कायम साठवून ठेवू नये, अशी ज्युलियस यांची धारणा होती. आपण स्थापलेला निधी आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांत संपवावा, अशी अट त्यांनी घातली होती. ते १९३२ मध्ये निवर्तले आणि निधी १९४८ मध्येच बंद झाला. स्टर्न दांपत्याने १९३६ मध्ये स्थापलेला कौटुंबिक निधीही अखेर १९८६ मध्ये विसर्जित करण्यात आला. पर्यटक आज पाहतात ती स्टर्न दांपत्याची लाँग व्ह्यू ही हवेली व तिच्या बागा यांची गोष्ट मात्र वेगळी. त्या लोकांसाठी खुल्या राहाव्यात, अशी व्यवस्था ईडिथ यांनी हयातीतच केली होती.