प्रतिसाद: डार्ट हातातून सुटतच नाही
डार्ट हातातून सुटतच नाही, काय करू, या प्रश्नावर वर कोणीतरी 'रोज दुप्पट सराव करा, भीती आपोआप जाईल' असा सल्ला दिलाय. डार्टायटिसमध्ये, म्हणजे डार्ट फेकताना हात अडकण्याच्या या त्रासात, तो बहुतेकदा उलटाच पडतो. हात अडकतो तो नेम धरल्यावर, ऐन सोडण्याच्या क्षणी. तेच लक्ष्य, तेच अंतर ठेवून शंभरदा अडकलात तर अडकणंच पक्कं होतं. इंग्लंडचा डार्टपटू एरिक ब्रिस्टो पाच वेळा जगज्जेता झाला आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यालाही याने गाठलं. त्याचा सराव कमी पडला असं कोण म्हणेल?

इथे कोणी लिहिलं नाही ते असं की आधी लक्ष्यच काढून टाका. बोर्डावर कोरा कागद लावा, नेहमीच्या २.३७ मीटरऐवजी दीड मीटरवर उभे राहा आणि डार्ट कुठे लागला याकडे बघूच नका. हात मागे नेऊन थांबायची सवय असेल तर ती मोडा: मागे-पुढे एकाच लयीत, पुढे येताना श्वास सोडत. तरी अडकलाच तर ढकलू नका. ढकललेल्या फेकीत अंगठा उशिरा सुटतो, डार्ट खाली जातो आणि पुढच्या वेळी पकड आणखी आवळली जाते. हात खाली घ्या, बोटं मोकळी करून नव्याने धरा. चार बोटांनी धरत असाल तर तीन करून बघा, सोडताना एक बोट कमी उघडावं लागतं. जमायला लागलं की आधी अंतर वाढवायचं, वीतभर-वीतभर, कागद काढायचा तो त्यानंतर. गुण मोजणं सगळ्यात शेवटी, कारण दुखणं उलटतं ते बहुधा तिथेच.