ड्राफ्टआधी कॉलेजचे खेळाडू पाहायला माणूस हवा, की यंत्र पुरे?

ऑस्टिनकर
आकडेशास्त्री यांनी परवा असे लिहिले की, कॉलेज बेसबॉलच्या मोठ्या मैदानांवर ट्रॅकमॅन हे चेंडूचा माग घेणारे यंत्र बसल्यामुळे चेंडूचा वेग, त्याची फिरकी आणि बॅटवरून सुटतानाचा वेग घरबसल्या कळतो, तेव्हा ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघांच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीसाठी, खेळाडू हेरत होमप्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी, सूर्यफुलाच्या बिया चघळत बसणाऱ्या स्काऊटांना संघांनी आता नारळ द्यावा. हे वाचून राहवले नाही. जेकब डीग्रॉम स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता, त्याची फलंदाजी बेताचीच होती आणि पिचिंगला, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकायला, त्याने तिसऱ्या वर्षी कुठे सुरुवात केली. त्याच्या तेव्हाच्या आकड्यांकडे पाहून कोणी दुसऱ्यांदा मान वळवली नसती. तरीही २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला नवव्या फेरीत, २७२ व्या क्रमांकावर घेतले, आणि पुढे २०१८ व २०१९ असा सलग दोन वर्षे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. ज्याने अजून धड पिचिंग केलेले नाही, त्याचे यंत्र काय मोजणार?

आकडेशास्त्री
एका डीग्रॉमच्या पुण्याईवर स्काऊटांनी अजून किती वर्षे जेवायचे? २०१३ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने पहिल्या क्रमांकावर स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल घेतला. उंची, बांधा, वेग, सगळे कसे स्काऊटांच्या स्वप्नातले. त्याच वर्षी सॅन डिएगो विद्यापीठाकडून ३१ होमरन मारणारा क्रिस ब्रायंट दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्स संघाकडे गेला आणि २०१६ मध्ये नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपेलने २०१८ मध्ये खेळ सोडला, नंतर तो परतला आणि २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून एकदाचा मेजर लीगमध्ये उतरला. डोळ्यांवर विसंबण्याची किंमत ही अशी असते.

डावखुरा
हे उदाहरण आपल्यावरच उलटते आहे, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. आकड्यांच्या भक्तीसाठी त्या काळी ज्या संघाचे नाव सर्वांत आधी घेतले जाई, तो ॲस्ट्रोजच होता.

कॅचरची आई
मी यंत्राच्याही बाजूची नाही आणि स्काऊटांच्याही. माझा मुलगा चार वर्षे एका लहान कॉलेजात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरचा चेंडू झेलणारा, होता. शुक्रवारी संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर खेळतो, म्हणून स्काऊट शुक्रवारी येतात. चेंडू हातातून सुटण्याआधी वेग मोजणाऱ्या दहा-बारा रडार गन एकदम वर होतात, मग सगळ्या माना एकदम वहीत जातात, आणि तो पिचर बाहेर गेला की सहाव्या इनिंगला खुर्च्या रिकाम्या. कॅचरचे काय मोजतात, तर चेंडू त्याच्या मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ, दोन सेकंदांच्या आत आहे की नाही, एवढेच. पिचरकडून पुढचा चेंडू कोणत्या प्रकारचा मागवायचा, हे कॅचरचे खरे डोके. पण कॉलेजात ते कोच ठरवतात. आधी मनगटावरच्या पट्टीतले क्रमांक होते, आता कानात यंत्र आले आहे. मेजर लीगमध्ये चेंडू मागवायचे बटण सहसा कॅचरच्या हाती असते. माझ्या मुलाचा चार वर्षे पोपट करून ठेवला होता, मग स्काऊटने तरी काय पाहावे?

आकडेशास्त्री
ताई, आपले दुःख समजते, परंतु धागा स्काऊटांविषयी आहे, कोचविषयी नाही.

डावखुरा
मी स्वतः दोन वर्षे ज्युनियर कॉलेजात पिचिंग केले आहे, म्हणून सांगतो: एकोणीस वर्षांचा कॅचर आदल्या रात्री रसायनशास्त्राची परीक्षा देऊन आलेला असतो, तर कोचपुढे समोरच्या प्रत्येक फलंदाजाचा तक्ता असतो. कोचची नोकरी सामने जिंकण्यावर अवलंबून आहे, तुमच्या मुलाला ड्राफ्टसाठी घडवण्यावर नाही. कडू वाटेल, पण वस्तुस्थिती हीच आहे.

कॅचरची आई
मग हाच मुलगा व्यावसायिक संघाचा गणवेश चढवताच रातोरात शहाणा होतो काय? पालकांना शिकवणी देण्याआधी स्वतःच्या पिचिंगचे पुढे काय झाले, तेही सांगावे.

डावखुरा
कोपराचे ऑपरेशन झाले. आमचा कोच पिचरला जो चेंडू लागोपाठ चाळीस वेळा टाकायला लावत असे, तो त्याच तक्त्यातून यायचा. आपल्याला हेच ऐकायचे होते ना?

ऑस्टिनकर
दोघांनीही जरा दमाने घ्यावे. चेंडू कोच मागवत असेल, तर कॅचरच्या डोक्याचे मोल ना ट्रॅकमॅनला कळते, ना रडार गनवाल्याला. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे आले नव्हते, हे नाइलाजाने मान्य करतो.

कॅचरची आई
एकाला कळले होते. शेवटच्या वर्षी एका शनिवारी पाचव्या इनिंगमध्ये ते कानातले यंत्र बंद पडले आणि पुढचे तीन फलंदाज मुलाने स्वतःच्या मनाने खेळवले. सामना संपल्यावर गाडीतळावर एक वयस्कर स्काऊट त्याच्याजवळ आला आणि त्याने एवढेच विचारले, "पाचव्यात चेंडू तू मागवत होतास ना? तुमच्या पिचरची लय बदलली होती." मुलाचे नाव ड्राफ्टच्या वीसही फेऱ्यांत आले नाही, ती गोष्ट वेगळी.

आकडेशास्त्री
ठीक आहे. हा एक स्काऊट संघांनी ठेवावा, बाकीच्यांना नारळ द्यावा.

कॅचरची आई
अवश्य. फक्त तो एक नेमका कोणता, हे तेवढे आपल्या तक्त्यातून शोधून कळवावे.