मॅग्नेशियमचा बॅटरी सेल एका रात्रीत सुधारला, विश्वास ठेवू का?

मॅग्नेशियमवाली, पुणे
पीएचडीचं तिसरं वर्ष. दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फॉइल, मध्ये ग्लास फायबर सेपरेटर, डायमेथॉक्सिइथेन या सॉल्व्हंटमध्ये मॅग्नेशियम टीएफएसआय हे मीठ. पंधरा दिवस ओव्हरपोटेन्शियल (करंट ढकलायला लागणारं जादा व्होल्टेज) 0.8 व्होल्टच्या खाली येईना. काल चौदाव्या सायकलला (चार्ज-डिस्चार्जच्या फेरीला) एकदम 0.03 वर आलं आणि तिथेच सपाट राहिलं. लॅबमध्ये सगळे खूश, सोमवारी ग्रुप मीटिंगला दाखवायचंय. मला मात्र धाकधूक वाटतेय.

जुना गडी
इतक्यात दाखवू नकोस. बहुतेक सॉफ्ट शॉर्ट आहे, म्हणजे धातूच्या बारीक धाग्याने दोन्ही बाजू आतून जोडल्या गेल्यात. मॅग्नेशियमला डेंड्राइट (असे धातूचे फाटे) येत नाहीत हे आपण सगळे घोकत आलो. त्या भरवशावर माझे आठ महिने गेले. करंट दुप्पट कर. व्होल्टेजही बरोबर दुप्पट झालं, तर तो सेल नव्हे, नुसता रेझिस्टर समज. मग एका बाजूला मॉलिब्डेनम फॉइल घालून सेल बांध. स्ट्रिपिंगच्या (फॉइलवर चढलेलं मॅग्नेशियम परत उतरवण्याच्या) शेवटी व्होल्टेज 1 व्होल्टच्या कटऑफला चढलंच नाही, तर शॉर्ट नक्की.

मूळ दुखणं पाण्याचं आहे, सेलमध्ये शिरलेल्या ओलाव्याचं. लिथियमवरचा थर लिथियम आयनांना वाट देतो. मॅग्नेशियमवरचा ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा थर वाटच अडवतो. त्यातून जिथे भेग पडते तिथेच सगळा करंट घुसतो. सॉल्व्हंट मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेव, मीठ व्हॅक्यूममध्ये तापवून घे, फॉइल ग्लोव्हबॉक्सच्या (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीच्या) आतच पात्याने चकाकेपर्यंत खरवड.

बॅटरीबाज
थोडं मॅग्नेशियम क्लोराइड घातलं की प्लेटिंग (मॅग्नेशियमचा थर चढणं) खूप सुधारतं. पण क्लोराइड स्टीलचं कॉइन सेल खातं, तेव्हा कॅथोडच्या बाजूला स्टील उघडं ठेवू नका.

जुना गडी
म्हणूनच मला क्लोराइडविना वाट पटते. जर्मनीतल्या उल्मच्या हेल्महोल्ट्झ इन्स्टिट्यूटच्या गटाने 2017 मध्ये हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॉक्सी बोरेटचं मीठ मांडलं. बोरोहायड्राइडवर फ्लोरिनवालं अल्कोहोल थेंबथेंब सोडायचं. हायड्रोजन बुडबुडत निघतो, बाटलीचं बूच घट्ट लावू नकोस! अल्कोहोल महाग आहे, पण एवढी मेहनत करायचीच तर या मिठावर कर. लिथियमच्या सुमारे 2060 च्या तुलनेत मॅग्नेशियम दर घनसेंटिमीटरला 3833 मिलीअँपिअर-तास देतं, ते असं पाण्यापायी वाया जाताना बघवत नाही.

मॅग्नेशियमवाली, पुणे
दादा, करंट दुप्पट केला, व्होल्टेज 0.06. सेल उघडला. पांढऱ्या सेपरेटरच्या कडेला मोहरीएवढा करडा ठिपका, आरपार गेलेला. सरांना आत्ताच फोटो पाठवला. सीव्ह रात्रभर तापवायला लावतेय.