सोयाबीन अनुदानाच्या गावनिहाय याद्या जाहीर असाव्यात का?

धागालेखक

२०२३ च्या खरिपात सोयाबीनला ४६०० रुपये हमीभाव होता आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळाला, म्हणून राज्य शासनाने कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना २ हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५००० रुपये, तर ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १००० रुपये देण्याचे ठरवले. सुमारे ४१९४ कोटी रुपयांच्या या योजनेचे वाटप सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाले. माझे म्हणणे इतकेच आहे की प्रत्येक गावाची अंतिम यादी नाव, क्षेत्र आणि रक्कम यांसह संकेतस्थळावर आणि चावडीवर कायम उपलब्ध असावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगते, तेव्हा ही मागणी नवी नाही.

पहिला प्रतिसाद

मी असहमत आहे. ज्याच्या खात्यावर दहा हजार रुपये आले, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी उधारीवाला उभा राहतो, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. युरोपीय संघाने शेती अनुदान घेणाऱ्यांची नावे प्रसिद्ध केली होती, परंतु २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने व्यक्तींच्या बाबतीत हे प्रमाणाबाहेरचे ठरवले. आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. एकूण रक्कम आणि लाभार्थींची संख्या एवढे जाहीर करणे पुरेसे आहे.

धागालेखक

त्या निकालानंतर युरोपने व्यक्तींच्या नावांची प्रसिद्धी काही काळच थांबवली. लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळण्याची सोय करून २०१३ मध्ये नवा नियम केला. आणि रोजगार हमीच्या मजुराचे नाव, हजेरी व मजुरी संकेतस्थळावर उघडपणे दिसत असेल, तर जमीनधारकाचे अनुदानच तेवढे झाकून का ठेवायचे? आधार आणि बँक खात्याचा क्रमांक मात्र कुठेही दिसू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. उधारीवाल्याची भीती खरी आहे, पण एकूण आकडा पाहून माझ्या गावात पडीक रानावर सोयाबीन दाखवले गेले की नाही, हे कोणालाही कळणार नाही. ते शेजारच्या बांधावरच्या माणसालाच कळते.

दुसरा प्रतिसाद

दोघांच्याही वादात मूळ दुखणे बाजूला राहते आहे. आमच्याकडे पाच एकर सोयाबीन होते, पण त्या हंगामात शिवारात मोबाइलला रेंज नसल्याने ई-पीक पाहणी, म्हणजे अनुदानासाठी लागणारी अ‍ॅपवरची पीकनोंद, वेळेत झाली नाही आणि पहिल्या यादीत आमचे नाव आले नाही. ही अट नंतर सैल करून सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरली गेली. जमिनीच्या सामायिक खात्यावर सर्व खातेदारांची संमती लागत असल्याने, पुण्याला राहणाऱ्या चुलत्यांच्या सहीसाठी वडिलांनी दोन खेपा घातल्या. मिळालेल्यांची यादी छापली तरी ज्यांना मिळाले नाही, ते त्यात कुठेच नसतात. त्यामुळे नाकारलेल्यांची यादी आणि प्रत्येक नावापुढे नाकारण्याचे कारण, हे आधी प्रसिद्ध व्हावे.

पहिला प्रतिसाद देणारे

ही दुरुस्ती मला पटते, कारण आपले नाव का वगळले हे जाणण्याचा हक्क त्या शेतकऱ्याचा स्वतःचा आहे. पण त्यासाठी कारण त्यालाच लेखी कळवावे, साऱ्या गावाला कशाला?

दुसरा प्रतिसाद देणारे

लेखी कळवले असते तर वडिलांना तालुक्याला चार वेळा जावे लागले नसते. शिवाय कारण जाहीर असले की एकाच कारणाने गावातले वीस जण अडकले आहेत हे दिसते आणि वीस जण एकत्र जाऊन बोलतात, एकट्याला मात्र परतवले जाते.

तिसरा प्रतिसाद

यादी जाहीर करा, पण तीत जमीन कसणाऱ्याचा रकानाही ठेवा. मी तीन वर्षे बटईने सोयाबीन घेतो आहे. बियाणे आणि खताचा निम्मा खर्च माझा असतो, भाव पडला की निम्मा तोटाही माझाच, आणि अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाने जाते.