मे महिन्यातलं लग्न: मेकअपवाली पुण्या-मुंबईहून आणावी की तालुक्यातलीच बरी?

औसारोड
लातूर, बीड, परभणीकडच्या लग्नाला पुण्या-मुंबईहून आर्टिस्ट बोलावणं म्हणजे पैशाची नासाडी, असं माझं मत. कामून? मुंबईच्या दमट हवेत हात बसलेली बाई घाम अडवायला मॅट फाउंडेशनवर पावडरचे थर चढवते. आपल्याकडं मे मध्ये पारा चाळिशीपार, पण हवा कोरडी. कपाळावर घाम अन् गाल मात्र ओढलेले. बोअरच्या जड पाण्यानं त्यात भर. अशा गालांवर ती पावडर डोळ्यांखाली अन् नाकाशेजारी भेगाळते. इथलीला हे सांगावं लागत नाही. ती गालाला मॉइश्चरायझर देऊन दहा मिनिटं थांबते आणि पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीला लावते.

परभणी_जंक्शन
हवेचं पटलं, निष्कर्ष नाही पटला. तालुक्याच्या कितीतरी पार्लरांत फाउंडेशनच्या दोन-तीनच शेड असतात. सावळ्या मुलीला त्यातली गोरी लावली की चेहरा राखाडी, मान वेगळीच. वर सिलिका असलेली पांढरी पावडर जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. आरशात ते दिसत नाहीत, अल्बम आल्यावर कळतात.
पारखायचं सोपं आहे. शेड मनगटावर लावून बघते की जबड्याच्या कडेला? मस्काऱ्याची कांडी प्रत्येकीला नवी की तीच बाटलीत बुडवते? लिपस्टिक प्लेटवर काढून ब्रशनं लावते का? तिचं काम बघायचं तर फिल्टर लावलेली रील नको, उन्हातला साधा व्हिडिओ मागा.

हळदकुंकू
दोघांनीही हळद विसरली की हो! ट्रायल होते पंधरा दिवस आधी, गोऱ्या-सावळ्या मूळ रंगावर. लग्नाच्या दिवशी मान, कान, चेहरा पिवळा. जुळवलेली शेड तिथंच चुकते.
हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हळद लागायच्या आधी चेहऱ्या-मानेला खोबरेल तेलाचा पातळ हात. नंतर पुन्हा तेल लावून पाच मिनिटं थांबायचं, कापसानं पुसायचं, मग फेसवॉश. स्क्रबनं घासू नका, लाल झालेल्या कातडीवर काहीच नीट बसत नाही. तरी पिवळेपणा उरलाच तर फाउंडेशनखाली फिकट जांभळा करेक्टर (पिवळेपणा दाबणारं क्रीम), अगदी थोडा. कानामागं आणि गळ्यावरही. "हळदीचं काय करता?" एवढं विचारा. उत्तर अडखळलं की बाई कुठलीही असो, पुढची बघा.

औसारोड
माझंच म्हणणं झालं ना ताई हे! इथल्या बाईला हळदीच्या संध्याकाळी घरी बोलावून रंग दाखवता येतो. मुंबईवाली थेट लग्नादिवशी उतरणार.

परभणी_जंक्शन
आणि मोठ्या तिथीला तीच इथली बाई तीन नवऱ्या घेते, त्याचं काय? ठरवते स्वतः, पाठवते हाताखालची मुलगी. म्हणून ॲडव्हान्स देतानाच लिहून घ्या: हात कोणाचा, येणार किती वाजता, थांबणार कुठपर्यंत. गोरज मुहूर्त ६:४० चा धरा. चेहरा दीड तास, केस एक तास, पैठणी अर्धा तास, दागिने-मुंडावळ्या वीस मिनिटं, वर अर्धा तास हाताशी. म्हणजे २:५० ला पहिला हात लागला पाहिजे. बरं, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला जाऊन येईपर्यंत आठ वाजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरदेव मांडवाकडं निघाल्यावर शेवटचा हात कोण फिरवणार, हा खरा प्रश्न.

मोगरा
टचअप करताना आधी टिश्यूनं घाम टिपा, मग पावडर. ओल्या घामावर पावडर टाकली की चिखल. अक्षतांचंही तसंच. कुंकवात रंगवलेली ज्वारी ओलसर राहिली की गालाला चिकटते. बोटानं पुसलं की तांबडी रेघ कानापर्यंत. कोरड्या ब्रशनं झटकायची. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासतो, तिथं थर पातळच हवा.
आणि एअरब्रशच्या, म्हणजे यंत्रानं फाउंडेशन फवारायच्या, नादाला लागू नका. पाठवणीत रडणं आलं की गालावर पाट पडतो, स्पंजनं सांधता येत नाही. मंगल कार्यालयात लाईट गेली की कॉम्प्रेसर गप्प.

परभणी_जंक्शन
पाट पडतो तो पाण्याच्या बेसचा. सिलिकॉन बेसचा एअरब्रश अश्रूंनी सहसा हलत नाही, अन् बॅटरीवरचे कॉम्प्रेसरही मिळतात. खरी गडबड वेगळीच: सिलिकॉनच्या प्रायमरवर (फाउंडेशनखाली लावायच्या क्रीमवर) पाण्याचं फाउंडेशन लावलं की बारीक गोळ्या सुटतात. दोन्ही डब्यांवरचे घटक वाचा.

औसारोड
बरं, मधला मार्ग. बाई तालुक्यातलीच, फाउंडेशन, मस्कारा आणि पापण्यांचा गोंद आपला. शेडची अन् स्वच्छतेची दोन्ही भांडणं मिटली.

हळदकुंकू
मिटली नाहीत, फक्त सरकली. सामान तुमचं म्हटल्यावर काही बिघडलं तर बाई हात वर करणार. त्याच बाटलीनं ट्रायल घ्या, पाच-सहा तास तसंच वावरा, दुपारी अंगणातल्या उजेडात फोटो काढा. गोंद दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज सुटली तर खोट्या पापण्याच नकोत.