विषय: ताशा गाडीत गप्प बसेना

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचा विषय सोडला तर मी इथे कधी लिहीत नाही, पण या वेळी अडलंय. आम्ही जळगावला परतलो त्याला वर्ष होईल. ही ई-मेल यादी सोडवत नाही म्हणून अजून तुमच्यातच आहे. दहा महिन्यांची गावठी कुत्री पाळलीय, नाव ताशा. नाव आम्ही ठेवलं म्हणायचं, कमावलं तिनंच.

दर शनिवारी पारोळ्याकडे शेतावर जातो. गाडीला चावी लावली की हिचं सुरू. गिरणेच्या पुलापर्यंत कानठळ्या, पाळधीला शेळ्या दिसल्या की सूर आणखी वर, आणि एरंडोलजवळ केळीचा ट्रक शेजारी आला की विचारू नका. मी ओरडतो, बायको बिस्किटं चारते, आई मागून तिखट शेव पुढे करते. तुमच्याकडची कुत्री गाडीत मुकाट बसलेली मी पाहिलीत. कसं केलंत?

जिभाऊ, मुक्काम जळगाव

---

जिभाऊ,

आधी ती शेव बंद करा. कुत्र्याला तिखट नको, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नको.

आता सांगा, गाडीत लाळ गळते का? सारख्या जांभया, ओठ चाटणं, मळमळल्यासारखं? लहान वयात गाडी लागते बऱ्याच कुत्र्यांना, कानातला तोल सांभाळणारा भाग अजून पक्का झालेला नसतो. तसं असेल तर निघण्याआधी काही तास खायला देऊ नका आणि डॉक्टरांना विचारा, त्यावर औषध मिळतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आपण माणसं ओकतो, तिथे तिचं काय!

अक्का (मूळ अमळनेर)

---

अक्का, लाळ नाही, उलटी नाही. मागच्या काचेवर नाकाचे ठसे मात्र इतके की बाहेरचं दिसत नाही. शेताच्या फाट्याला वळलो की तर किंचाळतेच. दार उघडून खाली सोडलं की गप्प.

जिभाऊ

---

सापडलं की मग! फाट्यावर किंचाळायचं आणि दार उघडायचं, हे तिचं पाठ झालंय. दार तिच्या भुंकण्यानं उघडतं, अशी तिची समजूत आहे, आणि तुम्ही ती दर शनिवारी पक्की करताय. वर तुम्ही ओरडता, म्हणजे तिला वाटतं, मालकही साथीला भुंकतोय.

माझ्या वडिलांनी गोऱ्हे शिकवलेले मी पाहिलेत. पहिल्या दिवशी कुणी औताला जुंपत नाही. आधी नुसतं जू मानेवर, तेही जाणत्या बैलाच्या शेजारी. मग मागे ओंडका. तो ओढत गोऱ्हा बांधाबांधानं मुकाट चालला, की पुढचं. तुम्ही ताशाला थेट नांगरटीला नेलंत.

आठवडाभर गाडी हलवूच नका. अंगणात दारं उघडी ठेवून आत बसवा, गप्प असेल त्या क्षणी उकडलेल्या कोंबडीचा बारीकसा तुकडा, बिनमीठ-मसाल्याचा. भुंकली की तुकडा नाही आणि बोलणंही नाही. मग दारं लावून. मग इंजिन सुरू करून, जागच्या जागी. मग फाटकापर्यंत जाऊन परत. कुठल्या पायरीवर बिघडलं तर एक पायरी मागे या, रागावू नका. आणि मागच्या काचांना पडदे लावा; शेळी दिसलीच नाही तर भुंकणार कुणावर? निघण्याआधी तासभर फिरवून आणा, दमलेलं कुत्रं निम्मं शिकलेलं असतं.

अक्का

---

मध्येच तोंड घालतो. छातीला हार्नेस घालून तो मागच्या सीटच्या पट्ट्याला अडकवा. गळपट्ट्याला अडकवू नका, ब्रेक लागला की मान जाते. पुढच्या सीटवर नको, एअरबॅग असते. आणि ही अंगणातली तालीम सकाळी लवकर उरका, तीही सावलीत. बंद गाडीत दहा मिनिटांत दहा अंश चढतात आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ला टेकतो. चहाला उतरताना तिला काचा लावून आत ठेवू नका. पाच मिनिटांसाठीसुद्धा.

धुळ्याचा पुतण्या

---

मंडळी,

महिना झाला, म्हणून कळवतो. अंगणातला पहिला आठवडा शेजाऱ्यांची करमणूक. बंद गाडीत मी, कुत्री आणि हातात कोंबडीची वाटी. "कथा चालनात भाऊ?" (कुठे निघालात?) असं रोज कुणीतरी विचारून जायचं. इंजिन सुरू केलं तिथे अडलो. दोन वेळा मागे यावं लागलं. आईनं गुपचूप शेव दिलीच, पकडली गेली.

काचांना आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावलेत. पाळधी आता निम्म्या आवाजात पार पडते. केळीच्या ट्रकवर मात्र अजून भुंकते, त्याचा वासच येत असावा, पडदा काय करणार.

परवा शेतावर पोचलो. फाट्यापासून नेहमीचा गजर. गाडी बंद केली, हात दाराच्या कडीवर ठेवला आणि समोर बघत बसलो. ती थांबली की कडी जराशी ओढायचो, ती भुंकली की सोडायचो. सालदार टोपलं खाली ठेवून बघायला आला. "काय भाऊ, उतरनं नही का?" मी बोटानं थांब म्हटलं. चार-पाच वेळा असं झालं. मग तिनं खाली बसून एकदा माझ्या हाताकडे, एकदा कडीकडे पाहिलं. आवाज नाही. मी दार उघडलं. उतरली ती थेट सालदाराच्या टोपल्यात तोंड घालायला.

जिभाऊ