थंडीतला कॅम्प: क्विल्ट की स्लीपिंग बॅग? अनुभव लिहा

आमच्या ग्रुपचं डिसेंबरात हरिश्चंद्रगड आणि नंतर उत्तराखंडातलं केदारकांठा ठरतंय. तंबू, स्टोव्ह सगळ्यावर एकमत झालं, पण पांघरुणावरून जुंपली आहे. अर्धे म्हणतात ट्रेकची क्विल्ट घेऊ: पाठीकडून उघडी, पायाशी पिशवीसारखी बंद, मॅटला पट्ट्यांनी अडकवायची. बाकीच्यांना झिपवाली स्लीपिंग बॅगच हवी. ठाण्यात बारा महिने पंखा लावून झोपणारी माणसं आम्ही, थंडीचा अंदाज तो काय असणार! दुकानातली माहिती नको, तुमची रात्र कशी गेली ते लिहा.

कोपरीकर
सह्याद्रीसाठी डोळे मिटून क्विल्ट. बॅगेतला डाउन, म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं, पाठीखाली दबला की त्यात हवा राहत नाही, म्हणजे ऊबही नाही. मग तो भाग वाहायचाच कशाला? सॅक लहान होते, आणि कसारा लोकलमध्ये मोठी सॅक घेऊन चढणं काय असतं ते ठाणेकराला सांगायला नको. कोकणकड्याजवळ रात्री जेवून आडवा झालो की पाय बाहेरच असतात. पहाटे गारठा वाढला की मानेपर्यंत ओढून घ्यायची. मात्र मॅट चांगली हवी. साधी कॅरीमॅट कातळावर टाकली तर गारवा खालून चढतो, मग अंगावर काहीही घ्या. मी फोमच्या मॅटवर हवेची मॅट टाकतो. दोन्हींची आर-व्हॅल्यू, म्हणजे खालचा गारवा अडवण्याची ताकद, एकमेकींत मिळवली जाते.

ऐरोलीची भटकी
कोपरीकर, तुमचं इथलं सगळं मान्य, पण केदारकांठ्याला हे चालणार नाही. शिखर साधारण ३,८०० मीटरवर, डिसेंबरात कॅम्प बर्फात. मी कुशीवर झोपते आणि रात्रभर कूस बदलते. क्विल्टमध्ये दर वेळी कंबरेमागे फट पडायची आणि गार झुळूक थेट पाठीला. पट्ट्या आवळल्या तर वळता येईना. शिवाय हूड नाही, म्हणून कानटोपी, ती झोपेत डोळ्यांवर! दुसऱ्या रात्री मैत्रिणीकडची जादा ममी बॅग, म्हणजे अंगासरशी, हूडवाली स्लीपिंग बॅग, घेतली, तेव्हा कुठे डोळा लागला.

आणि टॅग नीट वाचा. त्यावर कम्फर्ट आणि लिमिट असे तापमानाचे वेगवेगळे आकडे असतात. चाचणीत कम्फर्ट धरतात बाईच्या शरीरावरून, आणि लिमिट धरतात अंग आखडून झोपलेल्या पुरुषावरून. नवऱ्याने लिमिट बघून बॅग घेतली होती. पहाटे चहाची चौकशी करत तंबूबाहेर पहिला कोण उभा होता, ओळखा.

खारघरवाला
ममी बॅगेत मला कोंडल्यासारखं होतं. चौकोनी बॅग घेतली, झिप पायापर्यंत उघडून पांघरतो, फारच थंडी वाजली तर बंद करतो. वजन जास्त, पण झोप लागते. विषय संपला.

वाशीचे काका
तुम्ही सगळे थंडीवर बोलताय, ओलीवर कोणीच नाही. भंडारदऱ्याला पाण्याकाठी तंबू लावला की श्वासाची वाफ आतल्या कापडावर थेंब धरते. सकाळी बघावं तर पायाकडचा भाग तंबूला टेकून चिंब. डाउन ओला झाला की गोळे होऊन बसतो, सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण, त्यातल्या त्यात तग धरतं. म्हणून पाण्याकाठच्या कॅम्पला माझी सिंथेटिकच, जड असली तरी. तोंड आत घालून झोपू नका, तीही वाफच.

दुसरं म्हणजे आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटात डाउन दाबून ठेवला तर फुगणं जातं आणि कुबट वास राहतो तो वेगळा. लहान थैलीतून काढून मोठ्या सुती खोळीत सैल ठेवा, उघडीप मिळाली की पंख्याखाली पसरा. आमची ही विचारते, खोलीभर हे कोणाचं अंथरूण?

मानपाडा टू माथेरान
दोन्ही ट्रेकना एकच वस्तू हवी असेल तर स्लीपिंग बॅगच घ्या. हरिश्चंद्रगडावर झिप उघडून ती क्विल्टसारखी पांघरता येईल, पण बर्फात क्विल्टची बॅग काही करता येत नाही. केदारकांठ्याला बरेच आयोजक बॅग देतात, आधी विचारून घ्या. दिलेली बॅग बहुधा चेपलेली असते, म्हणून आपलं लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ, न्या. मॅटवर मात्र पैसे वाचवू नका. बर्फावर आर-व्हॅल्यू चारच्या वर हवी.